आठपट स्वच्छ पाण्याची अट

मँचेस्टर शहराच्या पोटातून तीन प्रवाह वाहतात. इर्वेल त्यातला मोठा. इर्क आणि मेडलॉक तिला येऊन मिळतात. नकाशा या तिघींना नद्या म्हणतो, पण पुण्याच्या माणसाने पाहिल्या तर इर्क आणि मेडलॉकला तो ओढेच म्हणेल. पेनाईन डोंगरांवरून उतरणारे त्यांचे मऊ पाणी कापसाच्या धंद्याला फार मानवले. धुलाई, रंगाई, छपाई, बॉयलरची वाफ, सगळ्यासाठी पाणी याच प्रवाहांतून उचलायचे आणि वापरून झाले की त्यांतच सोडून द्यायचे. १८०१ साली पाऊण लाखाच्या आसपास असलेली शहराची वस्ती १८५१ मध्ये तीन लाखांवर गेली होती. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबई बंदरातून कापसाच्या गासड्या भरभरून नेल्या. वऱ्हाड-खानदेशात पिकलेला कापूसही असा या पाण्यापर्यंत पोचला.

फ्रेडरिक एंगल्स १८४२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, घरच्या गिरणीत काम शिकायला मँचेस्टरला आला. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात इर्कचे वर्णन आहे. कोळशासारखे काळे पाणी, काठावर साचलेला राडा, आणि कोरड्या दिवसांत डबक्यांवर आलेली हिरवट बुळबुळीत साय. तिच्यातून सारखे बुडबुडे फुटत, आणि त्यांचा वास वरच्या पुलावर चालणाऱ्यालाही सहन होत नसे. एंगल्सला त्या काठावर राहणाऱ्या मजुरांची दैना दाखवायची होती आणि ती त्याने दाखवली. त्याच्या वर्णनात पाण्याचीही हकीकत आपसूक नोंदली गेली. हिरवी साय म्हणजे नत्र आणि स्फुरदावर पोसलेले शेवाळ. बुडबुडे म्हणजे तळाच्या गाळात प्राणवायू संपल्यावर, त्याच्याशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सोडलेला मिथेन आणि त्याच्याबरोबरचे दुर्गंधी वायू. या प्रवाहाला खायला अति मिळत होते आणि श्वास घ्यायला काही नव्हते.

त्या काळी अनेक इंजिनिअर शपथेवर सांगत की वाहते पाणी आपोआप शुद्ध होते. काही मैल वाहू द्या, खळाळू द्या, मैला जळून जाईल. नगरपालिकांना ही समजूत सोयीची होती, कारण तिच्यापायी खर्च काहीच येत नव्हता. तिला पहिला मोठा हादरा एडवर्ड फ्रँकलंडने दिला. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात १८५१ साली तो रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि काही वर्षांनी लंडनला गेला. १८६८ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करायला नेमलेल्या शाही आयोगात रसायनतज्ज्ञ म्हणून त्याची निवड झाली, तेव्हा तो पुन्हा याच पाण्यापाशी आला. १८७० चा आयोगाचा अहवाल मर्सी आणि रिबल या नद्यांच्या खोऱ्यांवर आहे, आणि इर्वेल मर्सीच्याच खोऱ्यातली. वरचे पाणी आणि कित्येक मैल खालचे पाणी तपासून आयोगाने निष्कर्ष काढला की अशा वाहण्याने मैला पुरता नष्ट व्हावा एवढ्या लांबीची नदी ब्रिटनमध्ये एकही नाही. शेजारच्या यॉर्कशायरमधल्या वेकफिल्डच्या एका रहिवाशाने शाईऐवजी कॅल्डर नदीचे पाणी वापरून पत्र लिहिले होते. ते सहज वाचता येत होते. आयोगाने अहवालात त्या पत्राची हुबेहूब प्रतिकृती छापली, आणि नद्यांची अवस्था सांगायला तेवढी पुरेशी होती.

फ्रँकलंडचे पाण्याबद्दलचे सगळे विचार एका पदार्थाभोवती फिरत होते, तो म्हणजे नायट्रेट. मैल्यातल्या प्रथिनांतला नत्र कुजताना आधी अमोनिया होतो आणि हवा मिळाली तर पुढे नायट्रेट. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात नायट्रेट सापडले तर, आज ते कितीही नितळ दिसो, पूर्वी कधीतरी त्यात मैला मिसळला होता असे तो मानी. या ‘पूर्वीच्या प्रदूषणा’चा आकडाच तो काढी. लंडनच्या पाणी कंपन्यांना हा आकडा डोकेदुखी वाटायचा आणि त्यांचे तज्ज्ञ त्याच्यावर तुटून पडत. आकड्यात अतिशयोक्ती होती, कारण जमिनीतला नायट्रेट केवळ मैल्यातून येत नाही. पण पाण्यात विरघळलेली घाण दिसेनाशी झाली म्हणून नाहीशी होत नाही, तिचा हिशेब मागे उरतो, ही त्याची मूळ जाण अचूक होती. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी अमोनियाचा नायट्रेट करणारे जिवंत सूक्ष्मजीव असतात हे दाखवले, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ते वेगळे काढले. आता हा हिशेब कोण लिहितो तेही कळले.

इकडे मँचेस्टर शहराने मात्र दीर्घकाळ एक निराळी वाट धरली होती. १८७० नंतरच्या दशकांत तिथल्या हजारो घरांना पाण्याचे संडास नव्हते. बादलीचे संडास होते, आपल्याकडच्या टोपलीच्या संडासांसारखे. बादल्या गोळा होत, राखेबरोबर त्यांचे खत केले जाई, म्हणजेच सोनखत. १८८६ मध्ये नगरपालिकेने शहराच्या नैर्ऋत्येला कॅरिंग्टन मॉस नावाची दलदलीची जमीन विकत घेतली, १८९५ मध्ये चॅट मॉस. शहराचा मैला तिकडे नेऊन पसरला आणि त्या काळ्या, निकस जमिनीवर शेती उभी केली. शहराने खाल्लेला नत्र आणि स्फुरद पुन्हा मातीत जात होता, नदीत नव्हे. केवळ द्रव्यांचा हिशेब पाहिला तर ही व्यवस्था त्यानंतरच्या पुष्कळ व्यवस्थांपेक्षा शहाणी होती. पण तिचे कौतुक करताना माझा हात अडखळतो. बादल्या कोणीतरी वाहिल्या होत्या. आपल्याकडे हेच काम जातीच्या माथी मारले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या डोक्यावरून मैला वाहिला गेला. सोनखताचा हिशेब करताना त्या माणसांना वगळले तर तो खोटा ठरतो.

आरोग्याच्या दृष्टीनेही बादल्यांची व्यवस्था टिकणार नव्हती. शतक सरत आले तसे मँचेस्टरमध्ये पाण्याचे संडास वाढत गेले आणि जे द्रव्य गाडीतून शेतावर जात होते ते नळातून नदीकडे वळले. नेमके त्याच सुमारास, १८९४ मध्ये, मँचेस्टर शिप कॅनॉल खुला झाला. समुद्रातली जहाजे थेट शहराला लागून असलेल्या सॅलफर्डपर्यंत येऊ लागली. त्यासाठी इर्वेलचा खालचा भाग खोल, रुंद आणि जवळपास स्थिर करण्यात आला. वाहणारे पाणी थांबले की त्यात हवा मिसळणे मंदावते आणि गाळ बसू लागतो. जिथे प्राणवायूची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्या जागी तो मिळण्याची वाट बंद झाली. त्याच वर्षी कालव्याच्या काठी डेव्हीह्यूम इथे शहराचे मैलापाणी केंद्र सुरू झाले.

पुढच्या वीस वर्षांत दोन गोष्टी घडल्या. एक लंडनला, कागदावर, आणि दुसरी डेव्हीह्यूमच्या प्रयोगशाळेत, बाटल्यांत. दोन्हींचा संबंध आज आपल्या प्रत्येक शहराशी आहे.

कागदावरची गोष्ट आधी. १८९८ मध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी आणखी एक शाही आयोग नेमला गेला. तो १९१५ पर्यंत चालला आणि त्याचा १९१२ चा आठवा अहवाल जगभर गेला. नदीत सोडायच्या पाण्याला मोजपट्टी कोणती लावावी, हा त्यातला प्रश्न होता. आयोगाने उत्तर दिले ते असे. पाणी बाटलीत बंद करून ६५ अंश फॅरनहाइटला पाच दिवस ठेवा आणि तेवढ्यात ते किती प्राणवायू खाते ते बघा. हीच पुढे बीओडी म्हणून ओळखली गेलेली चाचणी. ब्रिटनच्या नद्या आखूड, त्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते, म्हणून पाच दिवस, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत अजून वाचायला मिळते. सोडलेल्या पाण्याने लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू खाऊ नये आणि त्यात तरंगणारा गाळ ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा आयोगाने घातली.

हे २० आणि ३० चे आकडे इंजिनिअरांच्या पिढ्यांना तोंडपाठ झाले. पण २० हा आकडा कुठून आला हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले. तो नद्या बघून काढलेला होता. स्वच्छ नदीचे पाणी याच चाचणीत सुमारे २ मिलिग्रॅम प्राणवायू खाते. ४ च्या पुढे गेले की नदी बिघडल्याच्या खुणा दिसू लागतात. मग आयोगाने असे धरले की सोडलेल्या एका भाग पाण्यामागे नदीत आठ भाग स्वच्छ पाणी असेल. आठ दुणे सोळा, त्यात सोडलेल्या पाण्याचे वीस, झाले छत्तीस. नऊ भागांत वाटले की चार. म्हणजे वीसची मर्यादा आठपट स्वच्छ पाण्याच्या अटीवर उभी होती. पाणी आठपटीहून कमी असेल तर मर्यादा कडक करावी, हेही आयोगाने त्याच अहवालात सांगितले होते. आकडा जगभर फिरला, अट मागे राहिली.

आता बाटल्यांची गोष्ट. गिल्बर्ट फाउलर हा मँचेस्टरचा रसायनतज्ज्ञ १९१२ मध्ये अमेरिकेत गेला असताना मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स इथले प्रयोगकेंद्र पाहून आला. तिथे सांडपाण्यात हवा सोडून काय होते ते तपासत होते. परत आल्यावर त्याने डेव्हीह्यूममधल्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांना तसेच करून पाहायला सुचवले. सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग आधीही झाले होते. या दोघांनी वेगळे केले ते एवढेच की पाणी निवळल्यावर तळाशी बसलेला गाळ टाकून दिला नाही.

बाटलीत मैलापाणी घ्यायचे, हवा सोडत राहायचे. उजेडात शेवाळ वाढून प्रयोग बिघडू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळलेला. पहिल्या खेपेला सगळ्या अमोनियाचा नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. एवढा वेळ कुठल्याही शहराला परवडणार नाही. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. त्यांनी वरचे निवळ पाणी ओतून टाकले, तळाचा तपकिरी गाळ बाटलीतच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी घातले. वेळ कमी झाला. पुन्हा तसेच केले, आणखी कमी झाला. असे करत करत गाळ वाढला आणि जे काम पाच आठवड्यांचे होते ते चोवीस तासांच्या आत होऊ लागले. मैला खाणारे जीवाणू त्या गाळात वस्ती करून होते. इतके दिवस मैलापाणी केंद्रांतला गाळ म्हणजे फक्त डोक्याला ताप होता. आता तोच कामगार ठरला. दह्याला विरजण लागते तसे नव्या मैलापाण्याला जुन्या गाळाचे. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरच्या ग्रँड हॉटेलात त्यांनी या प्रयोगांवरचा प्रबंध वाचला. दोन वर्षांत इंग्लंडमधल्या वूस्टर शहरात या पद्धतीचे मोठे केंद्र चालू झाले. आज आपल्याकडच्या मैलापाणी केंद्रांमध्ये (एसटीपी) हवेने ढवळणाऱ्या ज्या टाक्या दिसतात, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ त्या बाटल्यांत आहे.

इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट नायट्रेटची आहे. आर्डर्न आणि लॉकेट यांच्यासाठी प्रयोग यशस्वी झाल्याची खूण कोणती? अमोनिया गेला आणि नायट्रेट आला, ही. फ्रँकलंडसाठी जो पदार्थ जुन्या गुन्ह्याचा पुरावा होता, तोच पन्नास वर्षांच्या आत शुद्धीचे प्रमाणपत्र झाला. त्या काळाच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. अमोनिया माशांना मारतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. नायट्रेट तसे करत नाही. उलट प्राणवायू संपलेल्या तळाच्या गाळात जीवाणू नायट्रेटमधलाच प्राणवायू वापरतात, नत्र वायुरूपाने हवेत निघून जातो आणि कुजका वास लांबतो. डेव्हीह्यूमच्या माणसांना कालव्याची दुर्गंधी घालवायची होती आणि त्यांनी तिचा योग्य उपाय शोधला. मात्र हवेत न उडालेला नायट्रेट पाण्यातच राहतो आणि त्याच्याबरोबर स्फुरदही. स्फुरद तर कधीच हवेत उडत नाही. तो एकतर पाण्याबरोबर पुढे जातो किंवा लोहाला धरून गाळात बसतो, आणि त्या गाळातला प्राणवायू संपला की पुन्हा सुटून वर येतो.

याच वर्षांत मुंबई निराळ्या बाजूने याच प्रश्नाला भिडली होती. माटुंग्याच्या अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग आश्रमात १८९७ साली बंद टाक्यांत मैला कुजवून त्यातून निघणारा वायू गोळा केला आणि त्यावर इंजिन चालवले. उरलेले पाणी आश्रमाच्या शेतीला दिले. मुंबईच्या मैलावाहिन्यांचे इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडच्या शहरांच्या सांडपाण्याविषयी पुस्तके लिहिली, त्यांत माटुंग्याचा अनुभव आहे. इर्कच्या डबक्यात एंगल्सला ज्या वायूचे बुडबुडे दिसले, तोच इथे पकडून कामाला लावला होता, आणि नत्र-स्फुरद मातीत परत गेला होता. पुढे दादरच्या मैलापाणी केंद्रातल्या वायूचे काम पाहून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले आणि तिथून गोबर गॅसची वाट सुरू झाली. फाउलर स्वतः १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आला. मैलापाण्यातला नत्र वाया न घालवता शेतीला कसा मिळेल, हा विषय त्याने भारतातही सोडला नाही.

इर्वेलची पुढची कहाणी थोडक्यात सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम डिटर्जंट आले आणि १९५० च्या दशकात ब्रिटनच्या नद्यांवर पांढऱ्या फेसाचे डोंगर चढले. पुढे फेस करणारे रसायन बदलले, फेस गेला, पण डिटर्जंटमधला फॉस्फेट राहिला. १९८२ मध्ये सॅलफर्डच्या गोद्या बंद पडल्या. तिथल्या पाण्याचे भाग मुख्य कालव्यापासून वेगळे करून त्यांत यंत्राने हवा खेळवावी लागली, तेव्हा कुठे त्यांच्या काठी घरे आणि कार्यालये उभी राहिली. १९८५ मध्ये मर्सी खोरे स्वच्छ करण्याची मोहीम सुरू झाली. १९९१ च्या युरोपीय नियमांनी पहिल्यांदा असे बजावले की संवेदनशील पाण्यात सोडताना मोठ्या शहरांच्या सांडपाण्यात लिटरमागे स्फुरद १ मिलिग्रॅम आणि एकूण नत्र १० मिलिग्रॅमपर्यंत आणावा. १९१४ मध्ये प्रमाणपत्र ठरलेला नायट्रेट अशा रीतीने तिसऱ्यांदा नव्या रूपात उभा राहिला, या वेळी खत म्हणून.

आपल्याकडे बीओडी पाच दिवसांऐवजी तीन दिवस, २७ अंश सेल्सिअसला मोजतात. देश उष्ण, जीवाणू भराभर खातात, म्हणून केलेला हा बदल योग्य आहे. पण मर्यादेचा आकडा मात्र जुन्याच अहवालाच्या सावलीत राहिला. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मसुद्यात मैलापाणी केंद्रांसाठी बीओडी १० होती, अमोनिया आणि एकूण नत्र यांनाही मर्यादा होत्या. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत बीओडी महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० झाली. नत्राच्या मर्यादा त्यातून गळून गेल्या. स्फुरदाला मर्यादा नव्हती. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने कडक आकडे सांगितले. त्यांत एकूण नत्र १० आणि, तळी-तलावांत सोडताना, स्फुरद १ मिलिग्रॅमपर्यंत आणायला सांगितले होते.

आता पुण्याची मुठा घ्या. पावसाळा ओसरला की खडकवासल्याच्या खाली धरणाचे पाणी नदीत जवळजवळ येत नाही. शहरातून वाहते ते बहुतेक शहराचेच सांडपाणी, काही प्रक्रिया केलेले आणि काही तसेच. इथे आठपट स्वच्छ पाणी सोडाच, एकपटही नाही. या पाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पुण्याच्या आसपासच्या नद्यांत दर उन्हाळ्यात जलपर्णीचे गालिचे पसरतात. जलपर्णी काढायला दरवर्षी यंत्रे उतरतात, नदीकाठी तिचे ढीग लागतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा येते, कारण तिचे खाद्य पाण्यात तसेच असते. १९१२ च्या आयोगाचाच हिशेब मुठेला लावला तर आठ भागांच्या जागी शून्य येते. मिसळायला दुसरे पाणी नसेल तर नदीचा आकडा आणि सोडलेल्या पाण्याचा आकडा एकच होतो. नदी ४ वर ठेवायची तर केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच आकडा ४ हवा.